इंटरनेट रेडिओवर स्टील गिटार ऐकताना सुराची आस थरथरते, ती कशामुळे?

स्वरयात्री

नमस्कार. गेले काही महिने रोज रात्री तासभर तरी मी इंटरनेट रेडिओवर स्टील गिटार ऐकतो आहे. सुरुवात कुतूहलापोटी झाली होती, पण आता या वाद्याने मला पुरते धरून ठेवले आहे. मांडीवर आडवी ठेवलेली गिटार, डाव्या हातात पोलादी बार आणि पडद्यांना न टेकता तारांवरून सरकत जाणारा सूर, एवढ्या साधनांतून इतके सगळे उभे राहते याचे मला अजूनही नवल वाटते.

माझी अडचण अशी आहे. मी मुख्यतः दोन केंद्रे ऐकतो. एकावर १९३० च्या आसपासच्या हवाईयन ध्वनिमुद्रिका लागतात, तर दुसऱ्यावर पेडल स्टील (पायाच्या पेडलने तारांचा सूर बदलता येणारी स्टील गिटार) असलेले अमेरिकी कंट्री संगीत असते. पहिल्या केंद्रावर एखादा लांब सूर सुटला की त्याचा आरंभ स्वच्छ ऐकू येतो, मींडही (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणे) नीट कळते, पण तो विरू लागला की त्याची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, शेवटच्या एक-दोन सेकंदांत थरथरते आणि पाण्याखालून आल्यासारखी गढूळ होते. आधी मला वाटले की हा वादकाने दिलेला कंपच असावा, कारण बार हलवून सुराला कंप देणे हे या वाद्याचे अंगच आहे. मग वाटले की तबकडी झिजलेली असेल. परंतु मागच्या आठवड्यात तीच तबकडी एका तिसऱ्या केंद्रावर लागली, तेव्हा तोच सूर शांतपणे सुईच्या खरखरीत उतरून दिसेनासा झाला. थरथर कुठेच नव्हती. मग दोष नेमका कुठे आहे, आणि ऐकणाऱ्याच्या हातात त्यावर काही उपाय आहे का?

दुसरी शंका वाद्याबद्दल आहे. मांडीवरची साधी स्टील गिटार आणि पेडल स्टील यांतला फरक नुसत्या कानाने कसा ओळखावा? मोबाईलच्या पडद्यावर फक्त गायकाचे नाव येते, त्यामुळे वाचून काही कळण्याची सोय नाही.

ध्वनिवेध

तुम्ही तिसऱ्या केंद्रावर तीच तबकडी ऐकलीत, त्यामुळे अर्धे उत्तर तुम्हीच शोधले आहे. दोष वादकाचा नाही आणि तबकडीचाही नाही. तो ध्वनीची माहिती आवळून, कमी डेटात पाठवण्याच्या पद्धतीत आहे.

एमपी३ या अशाच एका पद्धतीत आवाजाचे बारीक तुकडे पाडले जातात. ४४.१ किलोहर्ट्झच्या ध्वनीत असा एक तुकडा ११५२ नमुन्यांचा, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांचा असतो. प्रत्येक तुकड्यात कोणता अंश ऐकू येण्याजोगा आहे आणि कोणता झाकला जाईल याचा अंदाज बांधून, हाताशी असलेले बिट (माहितीचे सर्वांत लहान एकक) त्याप्रमाणे वाटले जातात. सूर ठळक असतो तोवर हे वाटप निर्धोक चालते. सूर विरत विरत खरखरीच्या पातळीला आला की त्याचे वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे उंच सूर) एका तुकड्यात ठेवले जातात, पुढच्या तुकड्यात गळतात आणि त्यापुढच्या तुकड्यात पुन्हा येतात. ही ये-जा सेकंदाला अनेकदा होते आणि आपल्या कानाला ती थरथर वाटते.

जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना याचा दुहेरी फटका बसतो. सुईची खरखर म्हणजे कसलाही आकृतिबंध नसलेला गोंगाट, आणि असा गोंगाट थोड्या बिटांत बसवणे सर्वांत अवघड असते. त्यामुळे कमी बिटरेटवर (म्हणजे दर सेकंदाला थोडेच बिट मिळत असताना) उपलब्ध बिटांचा मोठा वाटा खरखरच खाऊन टाकते आणि सुराच्या वाट्याला उरलेसुरले येते. पियानोच्या किंवा तबल्याच्या ध्वनिमुद्रणात हा दोष इतका बोचत नाही, कारण तिथे आघाताला महत्त्व असते. स्टील गिटारचा सारा जीव आघातानंतरच्या आसेत आहे आणि नेमकी तीच इथे कापली जाते.

वादकाचा कंप आणि ही थरथर वेगळी ओळखता येते. वादकाचा कंप एका लयीत असतो आणि मूळ सुरासकट सगळे उपस्वर एकत्र वर-खाली नेतो. यांत्रिक थरथरीत मूळ सूर जागच्या जागी राहतो, फक्त त्याच्या वरचा चकाकता भाग अनियमितपणे लुकलुकतो. हेडफोन लावून एकदा लक्ष दिलेत की पुन्हा गफलत होणार नाही.

उपायांचे म्हणाल, तर बरीच केंद्रे एकच कार्यक्रम दोन-तीन दर्जांत पाठवतात आणि मोबाईलवरचे ॲप डेटा वाचवण्यासाठी पुष्कळदा त्यांतला हलका प्रवाह निवडते. केंद्राच्या संकेतस्थळावर एम३यू किंवा पीएलएस प्रकारची (प्रवाहाचा पत्ता असलेली) जोडणी मिळाली, तर ती संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा आणि 'कोडेक इन्फर्मेशन'मध्ये पद्धत व बिटरेट पाहा. एमपी३ असेल तर माझ्या अनुभवात १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ हजार बिट) खाली स्टील गिटार सुखाने ऐकवत नाही आणि १९२ असल्यास उत्तम. १२८ चा प्रवाह तासाला सुमारे ५८ एमबी डेटा घेतो, ६४ चा त्याच्या निम्मा. एएसी ही आवळण्याची दुसरी पद्धत त्याच बिटरेटवर एमपी३पेक्षा सरस ठरते. मात्र एचई-एएसी (एएसीचा कमी बिटरेटसाठीचा प्रकार) असेल तर हे ध्यानात असू द्या की त्यात वरच्या पट्टीतला आवाज जसाच्या तसा पाठवला जात नाही. खालच्या पट्टीवरून तो ऐकणाऱ्याच्या बाजूला पुन्हा रचला जातो. बोलण्यासाठी ते पुरेसे असते, पण बार तारेवरून सरकताना जी बारीक सळसळ होते ती त्यात कृत्रिम वाटते.

आणखी एक गोष्ट तपासा. ब्लूटूथ स्पीकर वापरत असाल तर आधीच आवळलेली ध्वनीची माहिती तिथे दुसऱ्यांदा आवळली जाते. एकदा तारेचे हेडफोन लावून तुलना करून पाहा.

तारसप्तक

ध्वनिवेध यांनी तांत्रिक बाजू इतकी नीट मांडली आहे की मी फक्त दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो. हा फरक आपल्या सरगमीत सांगितला तर चटकन पटतो, असा माझा अनुभव आहे.

साध्या स्टील गिटारीत बार सरळ धरलेला असेल तर त्याखालच्या सगळ्या तारा एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात. सा-ग-प असा स्वरमेळ वाजत असेल आणि बार दोन पडदे पुढे गेला, तर तिन्ही सूर हातात हात घालून वर जातात. पेडल स्टीलमध्ये सूर बदलायला दर वेळी बार हलवावा लागत नाही. कंट्री संगीतात रुळलेल्या ई९ या तारांच्या जुळणीत पहिले दोन पेडल एकत्र दाबले की सा जागेवर राहतो, ग सरकत म वर जातो आणि प सरकत ध वर जातो. म्हणजे सा-ग-प चा स्वरमेळ मधे कुठेही न तुटता सा-म-ध होतो. एक सूर खांबासारखा स्थिर आणि त्याच्या अंगाखांद्यावरून बाकीचे दोन चढत आहेत असे ऐकू आले, तर तिथे पेडल आहे असे समजावे. १९५४ साली गाजलेल्या, कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी सूर वाजत असतानाच पेडल दाबून हा परिणाम साधला आणि त्यानंतर कंट्री संगीतातल्या स्टीलवादकांना आपली वाद्ये बदलणे भाग पडले. पेडलचे प्रयोग आधीही झाले होते, पण ऐकणाऱ्यांच्या कानात तो आवाज बसला तो इथून. पुढे बडी एमन्स यांनी हे वाद्य वादनाने आणि बांधणीनेही फार पुढे नेले.

दुसरी खूण आवाजाच्या पेडलची आहे. वादक तार छेडताना आवाज दाबून ठेवतो आणि सूर ओसरू लागला की पायाने हळूहळू आवाज उघडत नेतो. त्यामुळे छेडल्याचा टणत्कार ऐकू येत नाही आणि सूर गजाने वाजवल्यासारखा उमलतो. १९३० च्या आधीच्या ध्वनिमुद्रणात हे मिळणार नाही, कारण तेव्हा ही गिटार विजेवर चालत नव्हती. धातूची पोकळ अंगे आणि आवाज वाढवणारे पातळ शंकू बसवलेल्या रेझोनेटर गिटारी १९२० च्या दशकाच्या अखेरीस आल्या, आणि १९३२ च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीची तव्यासारखी दिसणारी 'फ्राइंग पॅन' बाजारात आली. बाजारात टिकलेली पहिली विद्युत गिटार उभ्याने वाजवण्याची नव्हती, मांडीवर ठेवून वाजवण्याची स्टील गिटार होती. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण विद्युत गिटारचा इतिहास सांगताना स्टीलवादकांचा उल्लेख बहुतेक राहूनच जातो.

हवाईयन केंद्र ऐकत आहात तर थोडी पार्श्वभूमीही सांगतो. बारने स्टील गिटार वाजवण्याची ही पद्धत घडवण्याचे श्रेय ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनातून हवाईयन संगीताचे वेड अमेरिकेत पसरले. हवाईयन स्टीलवादक सोल होओपिई यांची ध्वनिमुद्रणे लागली तर कान टवकारून ऐका. त्यांच्या द्रुत फिरतीतही प्रत्येक सुराला स्वतःचे टोक असते. या वाद्याचे आणि रेडिओचे नातेही जुने आहे. 'हवाई कॉल्स' हा कार्यक्रम १९३५ पासून १९७५ पर्यंत चालला आणि वाईकीकीच्या समुद्रकाठच्या हॉटेलातून त्याचे प्रसारण होत असे. शॉर्टवेव्हच्या चढउतारातून दूरदेशी तो ऐकणाऱ्यांनाही सुराची आस अशीच तुटक मिळत असणार.

आपल्याकडे वर्षानुवर्षे जिला 'हवाईयन गिटार' म्हटले गेले ती हीच. सुनील गांगुली यांच्या वादनातून चित्रपटगीतांच्या चाली घरोघरी पोचल्या आणि ब्रिजभूषण काबरा यांनी हेच वाद्य रागसंगीतात आणले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांनी केलेले १९६७ चे 'कॉल ऑफ द व्हॅली' अनेकांनी ऐकलेले असेल, परंतु त्यातली गिटार मांडीवरची आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आलेले असते.

मध्यरात्र

नावांबद्दल थोडे. प्रवाहासोबत जी माहिती येते तिच्यात बहुधा एकच ओळ असते, कलाकार आणि गाणे. त्यात वादकाला जागाच नसते. जुन्या कंट्री तबकड्यांच्या लेबलवरही साथीदारांची नावे सहसा छापलेली नसत, त्यामुळे केंद्र चालवणाऱ्यांना तरी दोष कसा द्यावा? मी वेळ टिपून ठेवतो आणि केंद्राच्या संकेतस्थळावर नुकत्याच वाजलेल्या गाण्यांची यादी असल्यास तिच्याशी ताडून पाहतो. मग त्या ध्वनिमुद्रणाच्या सत्राची नोंद शोधली की पुष्कळदा स्टीलवादक सापडतो.

बिटरेटच्या बाबतीत मात्र माझे मत ध्वनिवेध यांच्याहून थोडे वेगळे आहे. दुर्मिळ तबकड्या लावणारी काही केंद्रे एखाद्या संग्राहकाने पदरमोड करून चालवलेली असतात आणि जास्त दर्जाचा प्रवाह म्हणजे त्याच्यासाठी प्रत्येक श्रोत्यामागे जास्त खर्च. ४८ केबीपीएसवर का होईना, जी तबकडी अन्यत्र कुठेच ऐकायला मिळत नाही ती मी ऐकेन. तुमच्या पहिल्या केंद्राला नुसते सोडून देऊ नका. एक पत्र लिहून विचारा.

स्वरयात्री

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. माझे ॲप पहिल्या केंद्राचा ४८ केबीपीएसचा एचई-एएसी प्रवाह घेत होते, आणि त्याच केंद्राच्या संकेतस्थळावर १२८ चा एमपी३ प्रवाहही होता, हे मला इतके दिवस ठाऊकच नव्हते. तारेचे हेडफोन लावून दोन्ही आलटून पालटून ऐकले. एका संथ वाल्ट्झच्या अखेरीस वादक शेवटचा सूर धरून ठेवतो. हलक्या प्रवाहात तो तीन सेकंदांतच विस्कटला, आणि दुसऱ्यात मी मनातल्या मनात सात मोजेपर्यंत तो ऐकू येत होता. शेवटी त्याचा कंप मंदावतो आणि बार तारेवरून उचलल्याचा अगदी हलका आवाज येतो, तोही प्रथमच कळला. मध्यरात्र यांनी सुचवल्याप्रमाणे केंद्राला पत्रही लिहिले आहे, पण ते आभाराचे.

पेडल स्टीलच्या केंद्रावर सा-म-ध पहिल्याच गाण्यात सापडले. मात्र एक शंका उरली. हवाईयन केंद्रावरच्या १९३० च्या दशकातल्या एका तबकडीत दोन सुरांपैकी खालचा स्थिर राहिला आणि वरचा सरकत चढला, असे मला स्पष्ट ऐकू आले. तिथे पेडल कसे असेल?

तारसप्तक

तिथे पेडल नाही, तो बार तिरपा धरल्याचा परिणाम आहे. वादक मनगट वळवून बारचे टोक एका तारेवर पुढच्या पडद्याजवळ नेतो आणि दुसऱ्या तारेवर बार आहे तिथेच ठेवतो, म्हणून एकच सूर चढतो. हे काम फार नाजूक आहे, कारण बार सरळ असतो आणि पडद्यांमधली अंतरे सारखी नसतात. तिरपा झालेला बार दोन्ही तारांवर अचूक बसेलच असे नाही. म्हणून कसलेला वादक तिथे पोचताच हलका कंप देऊन दोन्ही सूर जुळवून घेतो.

पुन्हा ऐकाल तेव्हा वरच्या सुराकडे लक्ष देऊ नका, स्थिर वाटणारा खालचा सूर ऐका. बार वळताना तोही केसभर हलतो आणि लगेच जागेवर येतो. पेडल असते तेव्हा तो मुळीच हलत नाही. तुमच्या जुन्या प्रवाहात हा फरक ऐकू आला नसता, १२८ वर तो ऐकू यायला हवा.