चर्चा: अभ्यासातून गळलेल्या मुलांचं काय?

सांजवेळ: इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातला 'चिल्ड्रन ऑफ द नाइन्टीज' हा मुलांची वर्षानुवर्षं माहिती घेत राहणारा संशोधन-अभ्यास १९९१-९२ मधल्या साडेचौदा हजार गर्भारपणांपासून सुरू झाला. मुलांच्या मानसिक आरोग्यावर बोलताना त्याचे दाखले हमखास दिले जातात. पण पुढे जी गळती झाली, म्हणजे ज्यांचा सहभाग थांबला, ती सरसकट नव्हती. गरीब घरांतली, वर्तनाच्या तक्रारी असलेली मुलं जास्त गळाली. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचा जनुकीय धोका जास्त असलेल्यांचा सहभागही कमीच आढळला. ज्यांचं दुखणं समजून घ्यायचं, तीच मुलं निसटली. मग उरलेल्यांवरून 'इतक्या टक्के मुलांना त्रास आहे' असं कसं सांगता?

मोजपट्टी: टक्केवारीपुरतं मान्य. पण अख्खा अभ्यास मोडीत काढू नका. डीटर वोल्के आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये याच अभ्यासातली गळती तपासली. वर्तनविकारांचं प्रमाण कमी दिसतं हे त्यांनाही आढळलं. मात्र कोणत्या परिस्थितीतल्या मुलांना धोका जास्त, याचे अंदाज फारसे बदलले नाहीत. पालक आणि डॉक्टरांना उपयोग त्याचाच.

सांजवेळ: तिथे नाही बदलले, म्हणून कुठेच बदलणार नाहीत असं नाही. समजा, सुस्थितीतली आई मूल कसंही असलं तरी प्रश्नावली भरून पाठवते. हातावर पोट असलेली आई मूल शांत असेल तरच भरते, नाहीतर तिला उसंतच नसते. उरलेल्या कागदांवर गरिबांची मुलंही शांतच दिसणार, आणि गरिबीचा परिणाम पुसला जाणार. नातंच वाकडं झालं ना?

दक्षिणवारा: गळती अटळ नाही हो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासात १९७२-७३ साली जन्मलेली १,०३७ मुलं होती. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांतल्या हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के तपासणीला आली. परदेशी गेलेल्यांनासुद्धा अभ्यासाच्या खर्चाने आणलं. पैसा आणि चिकाटी हवी.

मोजपट्टी: हजार माणसांत दुर्मीळ विकाराचे रुग्ण किती सापडणार? त्यासाठी नॉर्वेसारखा लाखभर मुलांचा अभ्यास लागतो, आणि तिथे बोलावलेल्यांपैकी ४१ टक्केच आया तयार झाल्या. तरी तिथे सगळ्या जन्मांची सरकारी नोंद असल्यामुळे नकार देणाऱ्यांशी तुलना करता येते.

सांजवेळ: तुलना जन्माच्या वेळच्या गोष्टींची. चौदाव्या वर्षी मूल रात्र रात्र झोपत नाही, हे त्या नोंदीत कुठून येणार?