स्टॉपलॉस लागला, पण सौदा झाला नाही
स्टॉपलॉस म्हणजे तोटा रोखायला आधीच लावलेली ऑर्डर. विकायच्या स्टॉपलॉसमध्ये ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) 100, लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव) 99.50 आणि भाव थेट 96 वर उतरला, तर ऑर्डर पेंडिंगच राहणार. यात ब्रोकरच्या ॲपला दोष देऊ नका. ऑप्शन्समध्ये एनएसईने 2021 पासून एसएल-एम (ट्रिगर लागताच मिळेल त्या भावाला विकणारा स्टॉपलॉस) बंद केलंय, त्यामुळे लिमिट ट्रिगरपासून चांगली खाली ठेवा. अर्ध्या रुपयाचं अंतर म्हणजे नसल्यातच जमा.

ॲप गोठलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. ऑर्डर बुकमध्ये एक्स्चेंज ऑर्डर नंबर दिसतो का बघा. नसेल तर ऑर्डर एक्स्चेंजपर्यंत पोचलीच नाही. वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या, लगेच ब्रोकरच्या कॉल अँड ट्रेडला (फोनवरून सौदा करायची सोय) फोन लावा, ईमेलही करा. चॅटवरचं ‘क्षमस्व’ पुराव्याला फारसं उपयोगी नाही. दाद लागली नाही तर बाजार नियामक सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.