मुलाखतीत जुन्या पगाराची स्लिप मागणे योग्य आहे का?

बिनपगारी (धागालेखक)
नोकरी बदलायची म्हणून अर्ज केला की पहिल्याच फोनवर, कामाविषयी चकार शब्द निघण्याआधी, तीन प्रश्न येतात: सध्याचा सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, म्हणजे एकूण पगार) किती, अपेक्षा किती आणि नोटीस पिरियड किती. निवड झाल्यावर मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट आणि फॉर्म १६ (पगारावरील करकपातीचा दाखला) मागवले जातात आणि जुन्या आकड्यावर वीस-तीस टक्के चढवून नवा पगार ठरतो. माझ्या मते पहिला प्रश्न आणि त्यासाठी मागितला जाणारा कागदी पुरावा, दोन्ही बंद व्हायला हवेत. ज्या जागेसाठी माणूस हवा आहे तिच्यासाठी कंपनीने पैसे बाजूला काढलेलेच असतात. तो आकडा सांगावा, उमेदवाराने तो मान्य करावा किंवा नमस्कार करून निघावे. २०२० च्या टाळेबंदीत मिळेल त्या पगारावर रुजू झालेल्यांचा पुढचा प्रत्येक पगार त्या पहिल्या आकड्याला बांधला जातो, मग काम कितीही सुधारलेले असो.

भोसरीतला कारखानदार
मत ऐकायला गोड आहे, पण जरा माणसे नेमणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहा. आमच्याकडे एचआर विभाग नाही, मुलाखत मीच घेतो. व्हीएमसी (संगणकावर चालणारे धातूकामाचे मशीन) ऑपरेटर सांगतो की आपण सेटिंगही, म्हणजे नव्या कामासाठी मशीन जुळवण्याचे कामही, करतो आणि हातात अठ्ठावीस हजार येतात. सेटिंग येते की नाही हे मी त्याला मशीनवर उभे करून, जॉब (घडवायचा तुकडा) बांधून वर्क ऑफसेट घ्यायला, म्हणजे तो तुकडा नेमका कुठे आहे हे मशीनला कळवायला, लावून अर्ध्या तासात ओळखतो. परंतु तो टिकेल की नाही हे मशीन सांगत नाही, ते स्लिप सांगते. ज्याला खरोखर अठ्ठावीस मिळत होते त्याने माझे पंचवीस मुकाट्याने स्वीकारले, तर तो दुसरी जागा मिळेपर्यंतच थांबणार आणि त्याच्या भरवशावर घेतलेली ऑर्डर माझ्या गळ्यात पडणार. शिवाय आमचे ऑफर लेटर घेऊन जुन्या मालकाकडे जायचे, तिथे पगार वाढवून घ्यायचा आणि रुजू होण्याच्या दिवशी फोन बंद ठेवायचा, हा प्रकार आता इतका रुळला आहे की, उमेदवाराच्या शब्दावर विसंबा असे सांगणाऱ्याने आधी महिनाभर भरती करून पाहावी.

हिंजवडीकर
मी भरतीचेच काम करते. वरच्या प्रतिसादात दोन गोष्टींची गल्लत झाली आहे. आधीची नोकरी खरी होती का हे तपासणे आवश्यकच आहे, कारण बनावट अनुभवपत्रे विकत मिळतात. पण त्यासाठी पगार कळावा लागत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफ) संकेतस्थळावर यूएएनखाली, म्हणजे कर्मचाऱ्याच्या कायमच्या पीएफ क्रमांकाखाली, नोकरीत लागल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते, एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी दाखवली असेल तर तेही उघडे पडते. उलट अनेक कंपन्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच पीएफ कापतात, त्यामुळे पगार चाळीस हजार असो वा दोन लाख, पासबुकात दरमहा १,८०० चीच कपात दिसते. नोकरी सिद्ध होते आणि पगार झाकलेला राहतो. टीडीएस (पगारातून कापला जाणारा आयकर) नीट कापण्यासाठी त्याच आर्थिक वर्षातले आधीचे उत्पन्न लागते हे खरे, पण ते रुजू झाल्यावर, हिशेब विभागाला. मुलाखतीआधी स्लिप मागतात ती घासाघीस सोपी व्हावी म्हणून; हे मी आत बसून पाहिले आहे.

मितभाषी
धागालेखकाशी असहमत. मला मोलभाव करता येत नाही. स्लिप असल्यामुळे निदान जुन्या आकड्याखाली कोणी जात नाही आणि मला तोंड उघडावे लागत नाही. स्लिप काढून घेतलीत तर बोलक्या माणसाला जास्त आणि गप्प बसणाऱ्याला कमी मिळेल. हा कोणता न्याय?

पुन्हा रुजू
आणि ज्यांच्याकडे ताजी स्लिपच नाही त्यांचे काय? मुलाच्या जन्मानंतर काही वर्षे घरी राहून मी परत नोकरी शोधू लागले, तेव्हा एका ठिकाणी तांत्रिक फेऱ्या उत्तम झाल्या आणि पगार मात्र सुट्टीआधीच्या शेवटच्या स्लिपवरून ठरवायला घेतला. मधल्या काळात घरभाडे वाढले, त्यांच्याकडच्या फ्रेशरचा पगार वाढला, माझा तेवढा गोठलेला!

सॅन होजेहून
इथे कॅलिफोर्नियात जानेवारी २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारण्यास कायद्याने बंदी आहे. फ्रेस्नोमधल्या आयलीन रिझो यांचा खटला या संदर्भात वाचण्यासारखा आहे. गणिताच्या या सल्लागाराला काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) शिक्षण कार्यालयाने २००९ मध्ये नेमले आणि ॲरिझोनातल्या जुन्या पगारावर पाच टक्के चढवून तिचा पगार ठरवला. २०१२ मध्ये नव्याने आलेल्या पुरुष सहकाऱ्याला त्याच कामाचे जास्त मिळतात हे तिला कळले. जुना पगार हे स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावतीचे समर्थन होऊ शकत नाही, असे नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्निया ज्यात येतो त्या विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. मितभाषींच्या शंकेचे उत्तरही इथे आहे: जानेवारी २०२३ पासून, १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला जाहिरातीतच वेतनश्रेणी छापावी लागते, म्हणजे गप्प बसणाऱ्यालाही तळ ठाऊक असतो. काही कंपन्या श्रेणी इतकी रुंद छापतात की तिच्यात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे मावावेत, ही गोष्ट वेगळी.

भोसरीतला कारखानदार
अमेरिकेचे ठीक आहे. मी गेटवर फलक लावला की ऑपरेटर पाहिजे, पगार सत्तावीस हजार, तर बाहेरचे उमेदवार येण्याआधी आतले जुने तिघे केबिनमध्ये येतील, कारण ते बाविसावर काम करत आहेत. आकडा न छापण्याचे खरे कारण हे आहे. सगळ्यांचा पगार एकदम वाढवायचा तर गिऱ्हाइकाने दरही वाढवून द्यायला हवा, आणि पार्टचा दर दरवर्षी कमी करून मागणे हा तर त्याचा नेमच आहे.

बिनपगारी (धागालेखक)
हे कारण प्रामाणिक आहे आणि स्लिपशी त्याचा काही संबंध नाही. तुमच्या गिऱ्हाइकाची अडचण मला समजते, परंतु त्या तिघांना बाविसावर ठेवून नव्याला सत्तावीस द्यायचे तुम्ही आजही ठरवलेलेच आहे. त्याची स्लिप तेवीसची निघाली तर त्याला पंचवीसवर घ्याल, एवढाच काय तो फरक, आणि मग ते दोन हजार नेमके कोणाच्या खिशातून वाचले?