'मिलिटरी-इंडस्ट्रियल कॉम्प्लेक्स'ला मराठीत काय म्हणावं?

सैन्य आणि शस्त्रउद्योग यांची जोडी आणि सरकारवर पडणारं तिचं वजन, अशा अर्थाचा हा शब्द एका अनुवादात पानोपानी येतोय. वर्तमानपत्रांत 'लष्करी-औद्योगिक संकुल' असं वाचलेलं होतं, तेच ठेवलं. कच्चा मजकूर एका मित्राला वाचायला दिला, तर त्याने विचारलं, "हे संकुल आहे कुठं?" त्याच्या डोळ्यांपुढे कुंपण घातलेली, फाटकावर पहारा असलेली जागा आली होती. त्याला दोष कसा देणार? क्रीडासंकुल, व्यापारी संकुल, शैक्षणिक संकुल, सगळीकडे इमारतीच आहेत. दुसरा शब्द सुचवाल का?

—०—

'साटेलोटे' आहे की! लष्कर आणि शस्त्रकंपन्यांचं साटेलोटे. वाचकाला लगेच कळतं, शिवाय शब्द अस्सल आपला.

—०—

साटेलोटे झणझणीत आहे, पण इथे नको. त्यात ठरवून केलेली देवाणघेवाण असते, तू माझ्याकडे दे, मी तुझ्याकडे देतो. मूळ शब्दामागचा विचार तसा नाही.

हा शब्द गाजला तो अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या निरोपाच्या भाषणामुळे. १७ जानेवारी १९६१, राष्ट्राध्यक्षपद सोडायला तीन दिवस उरलेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत कायमचा असा शस्त्रउद्योग नव्हता. नांगराचे फाळ घडवणारे वेळ पडली की तलवारी घडवत आणि युद्ध संपलं की परत फाळांकडे वळत. आता तसं चालणार नाही. प्रचंड सैन्य आणि प्रचंड शस्त्रउद्योग दोन्ही कायमचे झालेत, आणि ही जोडी देशाला नवी आहे. तिची गरज ते नाकारत नाहीत. त्यांना काळजी आहे ती या जोडीच्या हाती अवाजवी वजन जाण्याची, आणि ते वजन 'मागून मिळवलेलं असो वा न मागता मिळालेलं', असं ते मुद्दाम म्हणतात.

या 'न मागता'वर साटेलोटे अडतं. संगनमत, मिलीभगत हेही तिथेच अडतात. या शब्दांना कुणीतरी कट करणारा लागतो. इथे कट नसला तरी चालतं. सेनापतीला खरोखर वाटतं की नवं विमान हवं. कंपनीला कारखाना चालू ठेवायचा असतो. लोकप्रतिनिधीला मतदारसंघातल्या नोकऱ्या टिकवायच्या असतात. तिघंही प्रामाणिक, आणि खर्च मात्र वाढतच जातो. एफ-३५ या लढाऊ विमानाचे सुटे भाग अमेरिकेतल्या ४० हून अधिक राज्यांतून येतात. त्या कार्यक्रमाला कात्री लावायला कोण हात वर करणार?

गंमत अशी की हाच माणूस १९४६ मध्ये लष्करप्रमुख होता, तेव्हा त्याने लष्कर, शास्त्रज्ञ आणि उद्योग यांनी शांततेच्या काळातही हातात हात घालून काम करावं असं टिपण काढलं होतं. म्हणजे १९६१ चा इशारा बाहेरून आलेला नव्हता. ज्यांनी वीण घातली, त्यांतल्याच एकाचा तो होता.

—०—

मूळ मजकूर इंग्रजीच आहे ना? रशियनवरून असेल तर 'संकुल' खुशाल ठेवा. रशियनमध्ये 'व्हीपीके' ही 'लष्करी-औद्योगिक कॉम्प्लेक्स'चीच आद्याक्षरं, म्हणजे जवळजवळ हाच शब्द, पण तिथे त्याला टीकेचा वास नाही. कृषी-औद्योगिक कॉम्प्लेक्स, इंधन-ऊर्जा कॉम्प्लेक्स, तसंच हे एक: अर्थव्यवस्थेतल्या एका क्षेत्राचं सरकारी नाव. एकच शब्द एका भाषेत इशारा आणि दुसऱ्या भाषेत खात्याची पाटी. मराठीत एकच प्रतिशब्द ठरवून दोन्हीकडे चिकटवला तर घोटाळा होईल.

—०—

संकुलाची बाजू घ्यायला कुणीच नाही, म्हणून मी घेतो. इमारतींचा अर्थ अलीकडचा आहे. संस्कृतात संकुल म्हणजे दाटीवाटीचं, एकात एक मिसळलेलं. जनसंकुल, वृक्षसंकुल हे त्यातलेच. महाभारताच्या युद्धपर्वांत काही अध्यायांना 'संकुलयुद्ध' म्हटलंय, म्हणजे कोण कुणाशी लढतोय हे कळेनासं होतं अशी घुमश्चक्री. 'कॉम्प्लेक्स'चा मूळ अर्थ यापेक्षा फार लांब नाही. शब्द बरोबर होता, आपण त्याला प्लास्टर केलं.

—०—

हे वाचून मजा आली, पण वाचकाला तळटीप देऊन महाभारतात कोण नेणार?

माझी सूचना: गुंता. लष्करी-औद्योगिक गुंता. मराठीत कट 'केला' जातो, गुंता 'होतो'. दोरे आपापल्या जागी सरळ असतात, नुसते एकत्र राहिले तरी गुंततात. वर सांगितलेलं 'न मागता' यात आपोआप येतं. शिवाय एक टोक ओढलं की गाठ आणखी घट्ट बसते, तेही इथे लागू पडतं. शीतयुद्ध संपल्यावर १९९३ मध्ये पेंटॅगॉनमध्ये, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या मुख्यालयात, शस्त्रकंपन्यांच्या प्रमुखांना जेवायला बोलावून सांगण्यात आलं की आता पैसा कमी, सगळे जगणार नाहीत, एकमेकांत विलीन व्हा. उद्योगात त्या जेवणाला, येशूच्या शेवटच्या जेवणावरून, 'अखेरचं भोजन' हेच नाव पडलं. पुढे लॉकहीड आणि मार्टिन मॅरिएटा १९९५ मध्ये एक झाल्या, मॅकडॉनेल डग्लस १९९७ मध्ये बोइंगमध्ये गेली. १९९० च्या दशकातल्या ५१ मोठ्या कंत्राटदारांचे शेवटी ५ उरले. दोरे कमी झाले, गाठ मोठी झाली. घेणारा एक आणि देणारे मोजके, अशा बाजारात भाव कोण पाडून मागणार?

—०—

गुंता आवडला, पण एक खोट आहे. गुंता म्हटलं की अडलेलं, न चालणारं असं वाटतं. ही व्यवस्था तर मस्त चालते! सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी कंपनीच्या संचालक मंडळावर, कंपनीचा प्रमुख संरक्षण खात्यात. १९५३ मध्ये जनरल मोटर्सचे चार्ल्स विल्सन संरक्षणमंत्री झाले, आणि त्यांना नेमणारे आयझेनहॉवरच. या ये-जा करण्याला 'लागेबांधे' हा शब्द चपखल बसतो. त्यात कटही नाही, अडलेपणही नाही, आणि थोडा संशय आहे, तो इथे हवाच.

अवांतर: 'लष्कराच्या भाकऱ्या भाजणे' म्हणजे फुकटची उठाठेव. या उद्योगाइतका त्या म्हणीला खोटं पाडणारा दुसरा कुणी नसेल. झालेला खर्च भरून मिळणार आणि वर ठरलेला नफा, अशा करारावर भाकरी महाग पडली तरी फिकीर नाही.

—०—

आणखी एक. 'संरक्षण-औद्योगिक' असं कुणी सुचवण्याआधीच सांगतो, नको. अमेरिकेत युद्ध खातं होतं, १९४७ च्या फेररचनेनंतर १९४९ मध्ये त्या जागी संरक्षण खातं हे नाव आलं. पण भाषणात शब्द 'मिलिटरी' आहे. बोलणारा स्वतः पंचतारांकित जनरल होता, त्याला दोन्हींतला फरक माहीत होता. 'लष्करी' ठेवा.

—०—

सर्वांचे आभार. मी असं करतोय: भाषणाचा उतारा जिथे येतो तिथे 'लष्करी-औद्योगिक गुंता', आणि माणसांच्या ये-जा करण्याबद्दलच्या प्रकरणात 'लागेबांधे'. रशियाबद्दलच्या दोन पानांत संकुल राहू देतो. एकाच शब्दाला तीन प्रतिशब्द म्हणून संपादक ओरडतील, त्यांना ही चर्चा दाखवीन.

फक्त शेवटच्या प्रकरणात 'प्रिझन-इंडस्ट्रियल कॉम्प्लेक्स' निघालाय, म्हणजे तुरुंग आणि त्यांच्यावर पोसल्या जाणाऱ्या कंपन्या. 'तुरुंग-औद्योगिक संकुल' लिहून पाहिलं, तर कैदी सतरंज्या विणतायत असं वाटतं. आणि 'तुरुंग-औद्योगिक गुंता' मित्राला वाचून दाखवला, तर तो म्हणाला, "कोण अडकलंय?"