थेट प्रसारणासाठी साधा डिजिटल मिक्सर चालेल का?

प्रश्न: दोन निवेदक आणि फोनवरील श्रोते अशा थेट कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रणाचा साधा डिजिटल मिक्सर पुरेल, की प्रसारणाचे कन्सोलच (रेडिओ स्टुडिओसाठी खास बनवलेला मिक्सर) घ्यावे?

उत्तर १: श्रोते फोनवर असतील तर सर्वप्रथम मिक्स-मायनसची सोय पाहावी. तिच्यामुळे फोनवरील व्यक्तीला स्वतःचा आवाज वगळून बाकीचे संपूर्ण मिश्रण ऐकू जाते. अन्यथा आपलेच बोलणे उशिरा परत ऐकू येऊन ती अडखळते. साध्या मिक्सरवर ऑक्स सेंड (मुख्य आउटपुटपासून वेगळे मिश्रण बाहेर पाठवणारी वाट) वापरून हे साधता येते, परंतु प्रत्येक फोनसाठी ते हाताने जुळवावे लागते आणि धावपळीत नेमकी तिथेच चूक होते. प्रसारणाच्या बहुतेक कन्सोलवर ते आपोआप तयार होते.

उत्तर २: सहमत. माइकचा फेडर (आवाजाची पातळी ठरवणारी सरकपट्टी) उघडताच स्टुडिओतील स्पीकर आपोआप बंद होणे, बाहेरचा लाल दिवा लागणे आणि निवेदकापाशी खोकताना माइक क्षणभर बंद करणारे कफ-बटण असणे, या गोष्टी मला इफेक्ट्सच्या लांबलचक यादीपेक्षा कितीतरी महत्त्वाच्या वाटतात.

उत्तर ३: जोडणीचाही विचार करावा. नेटवर्कवरून आवाज पाठवण्यासाठीचे, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले एईएस६७ मानक पाळणारी वेगवेगळ्या निर्मात्यांची उपकरणे आयपी नेटवर्कवरून ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग दराने (सेकंदाला ४८ हजार नमुने) आवाजाची देवाणघेवाण करू शकतात. कन्सोलला दुहेरी वीजपुरवठा मात्र अवश्य घ्यावा, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.