न्यूरोसायन्सच्या कोर्सवर्कबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण शिवाजी विद्यापीठातून झूऑलॉजीत एमएस्सी करतेय. पुढं न्यूरोसायन्समध्ये, म्हणजे मेंदू आणि चेतासंस्थेच्या अभ्यासात, पीएचडी करायची म्हणते. मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र) आणि बेंगळुरूचं आयआयएससी (भारतीय विज्ञान संस्था), ही दोन नावं तिच्या डोक्यात पक्की बसलीत.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणं पीएचडीला किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क (सुरुवातीला शिकायचे पेपर) आहे, त्यात संशोधन नीतिमत्तेचा पेपर सक्तीचा, आणि कोर्सवर्कमध्ये 55 टक्के गुण लागतात. हे आम्ही वाचलंय. अडलंय ते पुढं. बाकीच्या क्रेडिटमध्ये नेमकं काय शिकवतात? न्यूरॉनमधून विद्युत संदेश कसा जातो, हे तिला पाठ आहे, पण त्याचं समीकरण समोर आलं की गाडी थांबते. गणित बारावीनंतर सुटलंय, संख्याशास्त्र जेमतेम, पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा तर फक्त ऐकून. रोज संध्याकाळी रंकाळ्यावर चालताना आमचा हाच वाद: ती म्हणते, तिथं गेल्यावर शिकवतील, मला वाटतं, आत्ताच सुरुवात करावी.

कुणी जीवशास्त्राकडून तिकडं गेलं असेल तर सांगा, पहिल्या सेमिस्टरला सगळ्यात जड काय गेलं? आणि आधीच्या एमएस्सीतले पेपर धरून कोर्सवर्कमध्ये सूट मिळते का? आम्हाला विचारायला घरात कुणी नाही ओ, म्हणून इथं.