व्यवसायातला वाद: वकिलाकडे कधी गेलात? (अनुभव धागा)

धंदा म्हटला की उधारी, भागीदारी, जागेचा करार यांवरून वाद आलेच. बरेचसे फोनवर, नाहीतर चार माणसं मध्ये घालून मिटतात. जे मिटत नाहीत त्यांच्यासाठी वकिलाकडे नेमकं केव्हा जायचं, हे कोणी सांगत नाही. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्या भीतीपोटी लोक साधा सल्लाही घेत नाहीत आणि तोवर मुदती निघून जातात. माझ्या ओळखीतली दोन चांगली चालणारी युनिट्स अशी बसली, म्हणून हा धागा काढावासा वाटला. तुम्ही कधी गेलात, कशामुळे ठरवलंत, ते सविस्तर लिहा. समोरच्याचं नाव मात्र नको, बरीच प्रकरणं अजून चालू असतील.

भोसरी, मशीनिंगचं जॉबवर्क

आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडे बिलं तुंबायला लागली तेव्हा सुरुवातीला आम्ही फक्त फोन करत राहिलो, आणि ते बरोबरच होतं असं मला आजही वाटतं. काम येत होतं, पर्चेसचा माणूस फोन उचलत होता, थोडेथोडे पैसेही सुटत होते. मग अचानक एक डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून रक्कम वजा केल्याचा कागद, आली. काही महिन्यांपूर्वी दिलेला, त्यांच्या असेंब्लीत बसून पुढे विकलाही गेलेला माल म्हणे रिजेक्ट! उशिरा पैसे देणारा वेगळा आणि पैसे द्यायला लागू नयेत म्हणून कागद तयार करणारा वेगळा. अशा माणसाला आपण ईमेलवर जे उत्तर देतो ते पुढे पुरावा म्हणून वापरलं जातं. म्हणून उत्तर लिहायच्या आधीच वकिलांना गाठलं.

त्यांनी पहिल्यांदा उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, विचारली. ती होती, आणि या ऑर्डरींच्या आधीपासूनची होती. मग त्यांनी २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा समजावून सांगितला. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. करारात काहीही लिहिलेलं असो, ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवता येत नाहीत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोटिशीत डिलिव्हरी चलनांच्या तारखा ओळीने मांडल्या, त्यानंतर डेबिट नोटेचा विषय कोणी काढला नाही. पैसे मात्र समाधान या सरकारी पोर्टलवर अर्ज करून प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे (अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळापुढे) गेल्यावरच सुटले. मुद्दल पूर्ण मिळालं, व्याज बरंचसं सोडून दिलं. २०२३-२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची मुदतीबाहेर गेलेली बाकी प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खरेदीदाराला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे त्यांच्या अकाउंट्सलाही घाई झाली असावी, असं आमच्या सीएंचं मत.

*गिऱ्हाईक टिकलं का?*

नाही, तुटलं. त्यांचं काम भरून काढायला बराच काळ गेला. पण मशीनचे हप्ते थकत होते, आणि जे काम केल्यावर पैसे मिळत नाहीत ते टिकवून काय करणार?

इचलकरंजी, यंत्रमाग

कापडाच्या धंद्यात दलालाच्या शब्दावर माल जातो. पार्टीचा चेक ‘फंड्स इनसफिशियंट’ म्हणून परत आला, तर दलाल म्हणाला, “नोटीस काढू नका, बाजारात तुमचंच नाव खराब होईल. पुढच्या महिन्यात परत टाका.” पुढच्या महिन्यातही तेच बोलला असता. चेकच्या बाबतीत तारखांना फार महत्त्व आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि तेही उलटले की एका महिन्यात कोर्टात तक्रार. म्हणून बँकेचा मेमो हातात आला त्याच आठवड्यात मी वकिलांकडे गेलो. केस चालू आहे. कोर्ट सुनावणीदरम्यान चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देऊ शकतं, तो अर्ज दिला आहे. दलालाशी आजही बोलणं आहे, मुद्दाम सांगतो.

बार्शी, कृषी सेवा केंद्र

दुकान मिस्टर आणि त्यांचे मावसभाऊ यांच्या भागीदारीत होतं. मिस्टर गेल्यावर दुकान चालूच राहिलं. भाऊजी घरखर्चाला पैसे पाठवायचे, त्याबद्दल तक्रार नाही. वर्षश्राद्धानंतर ते स्टॅम्पपेपर घेऊन आले. “वहिनी, बँकेच्या कामाला लागतो, इथे सही करा.” वाचून पाहिलं तर माझा आणि मुलांचा दुकानात कसलाही हक्क उरला नाही, असा मजकूर. मी म्हटलं, ठेवून जा. सासूबाई म्हणाल्या, घरातलं घरात मिटवा. मलाही घरातच मिटवायचं होतं, पण आपलं किती आहे हे कळल्याशिवाय मिटवणार काय?

वकिलाची फी परवडणारी नव्हती. शाळेतल्या बाईंनी सांगितलं की कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते आणि बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तिथल्या वकीलताईंनी सांगितलं, की भागीदार वारला आणि करारात वेगळं काही नसलं तर भागीदारी संपते. हिशेब न मिटवता दुकान चालू ठेवलं असेल, तर वारसांना त्या हिश्श्यामागचा नफा किंवा सालीना ६ टक्के व्याज, यांतलं एक निवडून मागता येतं. हे लेखी गेल्यावर भाऊजी स्वतःच हिशेबाच्या वह्या घेऊन बसले. तडजोड झाली. दिवाळीला येणं-जाणं आहे. माझी एक शंका आहे: आमच्या भागीदारीची नोंदणीच नव्हती, वाद वाढला असता तर दावा लावता आला असता का?

पुणे, दिवाणी वकिली

ताई, लावता आला असता. नोंदणी नसलेल्या फर्मला आपल्या गिऱ्हाइकावर कराराच्या आधारे दावा करता येत नाही, हे १९३२ च्या भागीदारी कायद्यात आहे. भागीदारीचं विसर्जन (ती कायद्याने संपवणं) आणि हिशेब मागायला मात्र ती आडकाठी नाही. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने तीही घातली होती, तरी त्यातून मृत भागीदाराचे वारस वगळलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ती तरतूदच रद्द केली.

बाकीच्यांसाठी: येणं वसूल करायला साधारण ३ वर्षांची मुदत असते. फोनवरच्या “देतो हो”ने ती वाढत नाही. मुदतीच्या आत सही करून बाकी मान्य केली, तर नव्याने मोजतात. तेव्हा दरवर्षी मार्चअखेर बॅलन्स कन्फर्मेशनवर, म्हणजे ‘इतकी बाकी आहे’ अशा पत्रावर, सही-शिक्का घेत जा. ३ लाखांच्या वरचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीला जावंच लागतं. तो काळ मुदतीत धरत नाहीत, त्यामुळे निर्धास्त जा. आणि नोटीस आली तर उत्तर स्वतः लिहू नका, मग ती कितीही खोटी असो.

निफाड, द्राक्ष बागायतदार

आमचं प्रकरण वेगळं. व्यापारी शिवारातून माल उचलून गेला, पुढच्या तारखेचे चेक दिले आणि फोन बंद. पोलीस ठाण्यात आधी ऐकवलं, “हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” वकील म्हणाले, एकट्याचं येणं म्हणून गेलात तर हेच ऐकाल. त्याने किती जणांना एकाच पद्धतीने फसवलं ते दाखवा, म्हणजे सुरुवातीपासूनच द्यायची दानत नव्हती हे दिसेल. गावोगाव विचारत गेलो तर तोच माणूस, तीच पद्धत. मग एकत्र फिर्याद घेतली गेली. ज्यांचे चेक परत आले त्यांच्या नोटिसाही वेगळ्या काढल्या, कारण फिर्याद दिली म्हणून ते ३० दिवस थांबत नाहीत. आता वजनाच्या पावत्या जमवतोय. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांनी गाडीचा नंबर, तोडणीच्या मजुरांची नावं आणि व्यापाऱ्याचे मेसेज आधी जपून ठेवा.